सेरिझावाचे दोन मृत्यू : अभिजात जपानी चित्रपटांच्या हॉलिवूडी पुनर्निर्मितीविषयी

इशिरो होंडा यांच्या 'गोजिरा' (१९५४) या चित्रपटाच्या अखेरीस डॉ. दाइसुके सेरिझावा हा शास्त्रज्ञ टोकिओच्या उपसागराच्या तळाशी उतरतो, स्वतः शोधून काढलेले 'ऑक्सिजन-विनाशक' हे अस्त्र कार्यान्वित करतो, आणि वर येण्याचे नाकारून आपली दोरी व हवेची नळी कापून टाकतो. संशोधनाचे कागद त्याने आधीच जाळलेले असतात. उरलेले असते ते त्याच्या डोक्यातले ज्ञान; आणि आपण जिवंत राहिलो तर राज्यकर्ते ते ज्ञान आज ना उद्या वदवून घेतील, अणुबाँब व हायड्रोजन बाँब यांच्या शेजारी आणखी एक अस्त्र उभे राहील, ही त्याची भीती असते. त्याचा मृत्यू गोजिराला मारण्यासाठी आवश्यक नसतो. तो अस्त्राला मारण्यासाठी आवश्यक असतो. पासष्ट वर्षांनंतर मायकेल डॉहर्टी यांच्या 'गॉडझिला : किंग ऑफ द मॉन्स्टर्स' (२०१९) या हॉलिवूडपटात त्याच आडनावाचा शास्त्रज्ञ पुन्हा समुद्रतळाशी जाऊन मरतो. त्याचे नाव आता इशिरो सेरिझावा असे आहे. मूळ दिग्दर्शकाला ती आदरांजली आहे. परंतु तो जातो तो अण्वस्त्राचा स्फोट घडवण्यासाठी. मरणासन्न गॉडझिलाला किरणोत्सर्गाची मात्रा देऊन त्याला पुन्हा उभे करायचे असते. मूळ कृतीत जे अस्त्र शास्त्रज्ञाच्या प्रेताबरोबर बुडाले होते, ते 'ऑक्सिजन-विनाशक' येथे अमेरिकन लष्कराच्या ताफ्यात सहज उपलब्ध असते. ते कोठून आले, कोणी बनवले, कोणाच्या सद्‌सद्विवेकाला त्याने टोचणी लावली, यांपैकी कोणताही प्रश्न पटकथेला पडत नाही.

नाव तेच, स्थळ तेच, आत्मबलिदानाची कृतीही तीच. आणि अर्थ मात्र नेमका उलटा. अभिजात जपानी चित्रपटांच्या 'अद्ययावत' हॉलिवूडी आवृत्त्या पाहणाऱ्या जाणकार प्रेक्षकाच्या मनात जी खिन्नता, प्रसंगी चीड, दाटून येते तिचे स्वरूप या उलटापालटीतून तपासून पाहता येण्याजोगे आहे. ही चीड बहुधा चुकीच्या शब्दांत व्यक्त होते. मूळ कृतीशी इमान राखले गेले नाही, मुळातला संयम गेला, गतीचा अतिरेक झाला, संगणकीय चमत्कृतींनी कलेची जागा घेतली, अशा तक्रारी केल्या जातात. त्यांत तथ्य नाही असे नाही. परंतु इमानाचा निकष हा रूपांतराच्या समीक्षेतला सर्वांत कच्चा निकष आहे, हे निदान मराठी अभ्यासकाला नव्याने सांगण्याची गरज नसावी. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) आणि देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) ही दोन्ही शेक्सपिअरची रूपे मराठी रंगभूमीच्या इतिहासात स्थान मिळवून आहेत, ती शब्दाशी इमान राखल्यामुळे नव्हे. 'भाषांतर' आणि 'रूपांतर' असे दोन वेगळे शब्द मराठीत रुळले, याचाच अर्थ रूप बदलण्याचा अधिकार या परंपरेने तत्त्वतः मान्य केलेला आहे.

शिवाय ज्या कृतींच्या पावित्र्याचा कैवार घ्यायचा, त्या स्वतः तरी कुठे शुद्ध आहेत? अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन'ची (१९५०) संहिता आकुतागावाच्या दोन कथांवर उभी आहे, आणि त्या कथांमागे 'कोन्जाकु मोनोगातारी' हा मध्ययुगीन कथासंग्रह आहे. 'तेंगोकु तो जिगोकु' (१९६३) ही तर एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाच्या रहस्यकादंबरीची जपानी आवृत्ती. स्पाइक ली यांनी २०२५ मध्ये ती कथा पुन्हा न्यूयॉर्कमध्ये नेली तेव्हा ती एका अर्थी घरीच परतली. जॉन फोर्डच्या वेस्टर्नपटांविषयी कुरोसावांना वाटणारा आदर सर्वश्रुत आहे. आणि 'किंग काँग'चे १९५२ मधील पुनःप्रदर्शन व 'द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स' (१९५३) हे अमेरिकन चित्रपट नसते, तर 'गोजिरा' निघाला असता की नाही याची शंकाच आहे. तेव्हा पूर्वेची शुद्ध कृती आणि पश्चिमेची भ्रष्ट नक्कल ही मांडणी टिकणारी नाही. घेणे हा गुन्हा नव्हे. काय घेतले आणि घेताना काय मागे ठेवले, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना 'आधुनिकीकरण' हा शब्दच प्रथम संशयाने पाहिला पाहिजे. पुनर्निर्मितीच्या जाहिरातींत तो सर्रास वापरला जातो, आणि त्याचा अर्थ बहुधा वाहने, शस्त्रे, पोशाख, संभाषणाची लय व दृश्यपरिणामांची यंत्रणा आजची करणे एवढाच असतो. यास फार तर अद्ययावतीकरण म्हणता येईल. १९५४ मधील जपानी चित्रपट मात्र याहून खोल अर्थाने आधुनिक होते. यंत्र, राज्यसंस्था, वर्ग, विज्ञानाचे उत्तरदायित्व, लोकशाहीतील सत्य सांगण्याचे व दडपण्याचे व्यवहार यांच्याशी त्यांचा उघड वाद होता. रोलाँ बार्थने १९५७ मध्ये मिथकाची जी व्याख्या केली – इतिहासाचे निसर्गात रूपांतर करणारी भाषा – ती येथे उपयोगी पडते. हॉलिवूडने या कृतींचे आधुनिकीकरण केले नसून मिथकीकरण केले आहे. ज्या गोष्टी माणसांनी केल्या होत्या, त्या आपोआप घडणाऱ्या करून टाकल्या आहेत. जितकी आवृत्ती नवी तितकी ती मुळाहून कमी आधुनिक, असा विपरीत हिशोब त्यामुळे उभा राहतो.

'गोजिरा'चा काळ तपशिलाने पाहिल्याशिवाय हे विधान अतिशयोक्त वाटेल. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. घोषित धोकाक्षेत्राबाहेर असलेल्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेवर त्या स्फोटाची राख पडली. नौकेवरील तेवीसही जण किरणोत्सर्गाने बाधित झाले; नौकेचा बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरात मरण पावला. बाजारात आलेल्या ट्यूना माशांच्या भीतीने देशभर खळबळ उडाली. टोकिओच्या सुगिनामी भागातील स्त्रियांनी पुढाकार घेतलेल्या बाँबविरोधी सह्यांच्या मोहिमेला दीड वर्षाच्या आत तीन कोटींहून अधिक सह्या मिळाल्या. अमेरिकन ताबा संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या ताब्याच्या काळात हिरोशिमा-नागासाकीविषयी मोकळेपणाने लिहिण्या-दाखवण्यावर निर्बंध होते. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी 'गोजिरा' प्रदर्शित झाला तो या पार्श्वभूमीवर. त्याचे पहिलेच दृश्य एका बोटीवरील निवांत खलाशांचे आहे, आणि समुद्रातून उसळलेल्या प्रखर उजेडात ती बोट पेट घेते. प्रेक्षागृहातील कोणालाही हा उजेड कसला हे समजावून सांगावे लागले नसणार.

होंडा यांचा खरा पराक्रम राक्षसाच्या दृश्यांत नाही. (रबरी पोशाखातील माणूस आणि लहान प्रतिकृती यांवर आज हसणारा प्रेक्षक एइजी त्सुबुराया यांनी अंधाराचा कसा उपयोग करून घेतला आहे, हे बहुधा पाहतच नाही.) तो आहे लोकांच्या दृश्यांत. संसदेच्या समितीपुढे डॉ. यामाने गोजिराचा संबंध हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांशी जोडतात, तेव्हा एक सदस्य हे निष्कर्ष गुप्त ठेवावेत असे सुचवतो. परराष्ट्रसंबंध बिघडतील, अर्थव्यवस्था डळमळेल. त्यावर समोरच्या बाकांवरील स्त्रिया संतापाने उठतात आणि सत्य जाहीर करण्याची मागणी करतात. उपनगरी गाडीत एक तरुणी, नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे, अशा आशयाचे काही सहज बोलून जाते. जळत्या शहरात एक आई लेकरांना कुशीत घेऊन, आता लवकरच बाबांकडे जायचे आहे, असे सांगते. बाबा युद्धात गेले, हे न सांगताच कळते. इस्पितळातल्या मुलीजवळ गायगर यंत्र धरले जाते आणि डॉक्टर फक्त मान हलवतो. ही दृश्ये मिळून मिनिटा-दोन मिनिटांची असतील; पण राक्षसाचे रूपक त्यांच्यामुळे रूपक राहत नाही. ते अनुभवाच्या पातळीवर येते.

पहिली अमेरिकन आवृत्ती दोनच वर्षांत निघाली. १९५६ च्या 'गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!' मध्ये मूळ चित्रपट कापून त्यात रेमंड बर या नटाने साकारलेल्या अमेरिकन वार्ताहराची दृश्ये घातली गेली. संपूर्ण कथानक त्याच्या निवेदनातून येते. नागासाकीचा उल्लेख गेला, संसदेतील वादाचा कणा गेला. मुळात डॉ. यामाने विजयोत्सवापासून दूर बसून, चाचण्या अशाच चालू राहिल्या तर हा शेवटचा गोजिरा ठरणार नाही, असे पुटपुटतात. अमेरिकन आवृत्ती संकट टळले आणि जग पुन्हा जगू लागले, अशा दिलाशावर संपते. मूळ चित्रपट अमेरिकेतील चित्रपटगृहांत व्यापक प्रमाणावर पोचला तो २००४ मध्ये. म्हणजे अर्धशतकभर तेथील प्रेक्षकांच्या आणि समीक्षकांच्याही मनात जो 'गॉडझिला' होता, तो हा कापलेला. या कृतीला उथळ करमणुकीच्या खात्यात टाकणारे त्या काळातील अभिप्राय वाचताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

रोलंड एमेरिख यांच्या १९९८ च्या आवृत्तीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. तिचा दर्जा इतका उघड आहे की तोहो कंपनीनेच पुढे त्या प्राण्याला 'गॉडझिला' हे नाव नाकारले, त्याला केवळ 'झिला' म्हटले आणि २००४ च्या एका चित्रपटात खऱ्या गोजिराकरवी क्षणार्धात त्याचा फडशा पाडवला. तिच्यातील एक चलाखी मात्र नोंदण्याजोगी आहे. येथे राक्षस जन्मतो तो फ्रेंच पॉलिनेशियातील फ्रेंच चाचण्यांतून. फ्रान्सने १९९५-९६ मध्ये मुरुरोआ येथे खरोखर चाचण्या केल्या होत्या आणि त्यावर जगभर टीका झाली होती, हे खरे. परंतु बिकिनीवर ज्या राष्ट्राने चाचण्या केल्या त्या राष्ट्रात बनलेला चित्रपट अपराधाचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडतो आणि वर न्यूयॉर्कला बळीच्या जागी बसवतो, हा योगायोग मानणे भोळेपणाचे होईल.

गॅरेथ एडवर्ड्स यांचा २०१४ चा चित्रपट याहून पुष्कळ वरच्या दर्जाचा, आणि म्हणूनच अधिक विचारार्ह आहे. एडवर्ड्स यांना मुळाविषयी आदर आहे. राक्षस उशिरा दाखवण्याचा संयम, धुळीतून व धुरातून दिसणारे त्याचे खंडित शरीर, माणसाच्या नजरेच्या उंचीवरून घेतलेली दृश्ये यांतून तो आदर जाणवतो. पण पटकथेने केलेली ऐतिहासिक दुरुस्ती थक्क करणारी आहे. १९५४ च्या पॅसिफिकमधील चाचण्या या मुळात चाचण्या नव्हत्याच, असे येथे सांगितले जाते. तो गॉडझिलाला ठार मारण्याचा प्रयत्न होता. हे वाक्य केन वातानाबे या जपानी नटाच्या, सेरिझावा या नावाच्या पात्राच्या तोंडी घातले आहे. एका फटक्यात कार्यकारणाची साखळी उलटली. मुळात बाँबमुळे राक्षस आला होता. आता राक्षसामुळे बाँब पडला. 'दाइगो फुकुर्यू मारू'वरील राख या नव्या हिशोबात बचावाच्या प्रयत्नातील अपघात ठरते. त्याच चित्रपटात जपानमधील एक अणुवीज केंद्र कोसळते. फुकुशिमाच्या दुर्घटनेला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. परंतु केंद्र कोसळते ते पुरातन परजीवी प्राण्यामुळे. अणुऊर्जेच्या धोरणाला, कंपनीच्या निष्काळजीपणाला, सरकारी लपवाछपवीला उत्तर देण्याची वेळ कोणावर येत नाही. लपवाछपवी आहे, पण ती प्राण्याविषयीची.

सेरिझावा ८ वाजून १५ मिनिटांवर थांबलेले आपल्या वडिलांचे घड्याळ अमेरिकन ॲडमिरलला दाखवतो, हे या चित्रपटातील सर्वांत गंभीर दृश्य. ॲडमिरल हिरोशिमाचे नाव घेतो, क्षणभर स्तब्धता येते, आणि अण्वस्त्र वापरण्याची योजना पुढे चालू राहते. अखेर ते अस्त्र सान फ्रान्सिस्कोपासून काही अंतरावर समुद्रात फुटते आणि त्याचे कोणतेही परिणाम दाखवले जात नाहीत. कोणी भाजत नाही, कोणाचे केस गळत नाहीत, कोणाजवळ गायगर यंत्र धरले जात नाही. हिरोशिमा ही येथे एका पात्राची कौटुंबिक स्मरणवस्तू होऊन उरते. इतिहासाचे स्मृतिचिन्ह करून ते खिशात घालणे, ही या पुनर्निर्मितीची रीत आहे. आणि ती एमेरिख यांच्या ढोबळ अज्ञानापेक्षा अधिक त्रासदायक आहे, कारण ती आदराच्या वेषात येते. २०१९ च्या चित्रपटातील सेरिझावाचा मृत्यू ही या रीतीची तर्कशुद्ध परिणती होय. राक्षस निसर्गाचा समतोल राखणारी आदिम दैवते झाली की बाँब औषध होण्यास अडचण राहत नाही.

राक्षसपट हा प्रकारच मिथकाकडे झुकणारा आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. म्हणून दुसरे उदाहरण त्याच वर्षातले, त्याच तोहो कंपनीचे, आणि योगायोगाने त्याच नटाच्या खांद्यावर उभे असलेले घ्यावे. 'गोजिरा'त डॉ. यामाने झालेले ताकाशी शिमुरा हेच काही महिने आधी 'शिचिनिन नो सामुराई' अर्थात 'सेव्हन सामुराई'त (१९५४) कांबेई होते. या चित्रपटाच्या 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) व त्याच नावाची २०१६ ची आवृत्ती अशा दोन हॉलिवूडी पुनर्निर्मिती झाल्या. ('शोले'पर्यंतचा तिचा भारतीय वंशवृक्ष हा स्वतंत्र विषय आहे.) कथाबीज सर्वांना ठाऊक आहे : लुटारूंनी गांजलेले गाव सात लढवय्ये भाड्याने आणते. परंतु कुरोसावांच्या चित्रपटाचे आशयसूत्र गाव विरुद्ध लुटारू हे नाही. ते शेतकरी विरुद्ध सामुराई असे आहे, आणि चित्रपटाच्या मध्यावर ते उघडे पडते. हरून पळणाऱ्या सामुराईंना मारून गावकऱ्यांनी लुटलेली चिलखते किकुचियो अभिमानाने पुढे आणतो. रक्षक म्हणून आलेले सामुराई सुन्न होतात. मितभाषी क्यूझो गावातील प्रत्येक शेतकऱ्याला ठार करावेसे वाटते, असे म्हणतो. मग किकुचियोचा स्फोट होतो. शेतकरी कपटी, कंजूष, भेकड, खुनी आहेत, सारे कबूल. पण त्यांना तसे केले कोणी? तुम्हीच. युद्धे तुमची, जाळपोळ तुमची, बेगार तुमची, बलात्कार तुमचे. हे बोलणारा स्वतः शेतकऱ्याचा मुलगा आहे हे कांबेईच्या लक्षात येते, आणि कांबेईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. युद्धोत्तर जपानमध्ये नुकत्याच झालेल्या जमीनसुधारणांनी कुळांना मालक केले होते. जमीन कोणाची आणि तिचे रक्षण कोणी कोणासाठी करायचे, हा प्रश्न प्रेक्षकांच्या दृष्टीने सोळाव्या शतकातला नव्हता.

जॉन स्टर्जेस यांच्या १९६० च्या आवृत्तीत चिको हे पात्र किकुचियो आणि तरुण कात्सुशिरो यांची बेरीज करून बनवले आहे, आणि त्यालाही गावकऱ्यांवर बोलण्याची संधी मिळते. परंतु गाव मेक्सिकन, बंदूकबाज सरहद्दीपलीकडून आलेले; त्यांच्या वर्गाने या गावाला कधी लुटलेले नाही. त्यामुळे आरोपातील 'तुम्ही' हा शब्दच पोकळ होतो. शेवटची ओळ – जिंकले ते शेतकरी, आपण हरलो – दोन्ही चित्रपटांत जवळजवळ सारखी आहे, आणि इमानाच्या निकषावर येथे पुनर्निर्मितीला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. पण तिच्या आधीचे दृश्य पाहावे. कुरोसावांच्या चित्रपटात भातलावणीला निघालेली शिनो कात्सुशिरोसमोरून, त्याला ओलांडून, चिखलात उतरते आणि गाण्यात मिसळते. तो ना सामुराईंचा ना शेतकऱ्यांचा असा मध्येच उभा राहतो. स्टर्जेस यांचा चिको परत फिरतो, कमरेचा बंदुकीचा पट्टा काढून ठेवतो आणि मुलीच्या बाजूला कामाला बसतो. वर्गाची भिंत एका हावभावाने पार होते. त्याच ओळीचा आवाज मग वेगळा लागतो : मुळात ती एका वर्गाची ऐतिहासिक अखेर सांगते, तर येथे भटक्या पुरुषाचा रम्य विषाद.

आणखी एक तपशील क्वचितच पाहिला जातो. सातांपैकी चार सामुराई मरतात, आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने मरतात. तलवारीचा आदर्श असलेला क्यूझो ज्या गोळीने पडतो ती कोठून आली हे त्याला नीट दिसतही नाही. लुटारूंकडे बंदुका मोजून तीन आहेत, आणि चित्रपट त्यांचा हिशोब काटेकोर ठेवतो. तंत्र बदलले की कौशल्याचा, शौर्याचा, एका अख्ख्या सामाजिक वर्गाचा अर्थ कसा संपतो, हे त्या तीन बंदुकांत साठवले आहे. अमेरिकन आवृत्तीत दोन्ही बाजू बंदुकाच चालवतात. बदल अपरिहार्य होता, हे मान्य. वेस्टर्नमध्ये तलवारी कोठून आणणार? पण अपरिहार्य बदलाची भरपाई दुसऱ्या कोणत्या प्रतिमेने करावी असे कोणाला सुचलेले दिसत नाही. २०१६ च्या अँटवान फुक्वा यांच्या आवृत्तीने तर उरलेले अंतर्विरोधही पुसले. गाव गोऱ्या वसाहतकऱ्यांचे, खलनायक खाणमालक, सात जण वेगवेगळ्या वंशांचे. प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने ही मांडणी आजच्या काळाला शोभणारी आहे, आणि खाणमालक आणल्याने वर्गसंघर्षाचा आभासही होतो. परंतु गाव निष्कलंक आहे. चिलखते कोठेही दडवलेली नाहीत. शिवाय शेवटी उघड होते की नायकाला गावाशी फारसे कर्तव्य नव्हते. खलनायकाने त्याच्या आईला व बहिणींना मारले होते. ज्या कृतीचा मूळ प्रश्न 'दुसऱ्याच्या जमिनीसाठी कोणी का मरावे' हा होता, तिचे उत्तर 'वैयक्तिक सुडासाठी' असे मिळते. सामाजिक कारण दिसले की त्याचे मानसिक कारणात रूपांतर करायचे, ही हॉलिवूडच्या पटकथेची सवय इतकी जुनी आहे की ती तेथील लेखकांना सवय वाटत नाही. त्यांना ती पात्ररेखाटनाची गरज वाटते.

हीच सवय लहान प्रमाणात, अगदी हलक्याफुलक्या कृतींतही आढळते. मासायुकी सुओ यांचा 'शॅल वुई डान्स?' (१९९६) हा अभिजात म्हणावा इतका जुना नाही. पण त्यातील सारा विनोद आणि सारी करुणा एका लाजेवर उभी आहे. पतिपत्नींनीही चारचौघांत हातात हात घालू नये अशा समाजात एक कारकून जोडीनृत्याच्या वर्गाला जातो. २००४ च्या अमेरिकन आवृत्तीत रिचर्ड गिअर यांना लाजण्याचे काहीच कारण नाही. म्हणून लाजेच्या जागी मध्यमवयीन पोकळी येते, आणि शेवटी हातात गुलाब घेऊन सरकत्या जिन्यावरून पत्नीकडे येणारा नवरा. गोड आहे; पण असा नवरा दुसऱ्या कोणत्याही अमेरिकन चित्रपटात बसवता आला असता.

या साऱ्यावरून हॉलिवूड अपराधी आणि जपान निर्दोष असा निवाडा काढणे मात्र अन्यायाचे होईल. गोजिराला निरुपद्रवी करण्याचे काम आधी तोहोनेच केले. १९६० च्या दशकाअखेर तो मुलांचा लाडका रक्षक झाला होता. १९६५ च्या एका चित्रपटात तर विजयाच्या आनंदात उड्या मारून नाचला. मूळ 'गोजिरा'ही निष्पाप नाही. त्यात जपान केवळ बळी आहे. चीनमध्ये, कोरियात, आग्नेय आशियात जपानी सैन्याने जे केले त्याची सावलीही त्या टोकिओवर पडत नाही. स्वतः होंडा यांनी चीनमध्ये सैनिक म्हणून वर्षे काढली होती, म्हणून हे मौन अधिक बोलके ठरते. सेरिझावाच्या डोळ्यावरील पट्टी युद्धातील जखमेची आहे, पण ते युद्ध कोणाशी व कशासाठी, हे चित्रपट विचारत नाही. तरीही एक फरक उरतो. मौन बाळगणाऱ्या कृतीला त्या मौनाचा जाब विचारता येतो, कारण ती ज्या इतिहासात उभी आहे तो तिने पुसलेला नसतो.

असा जाब विचारणाऱ्या पुनर्निर्मिती अशक्य नाहीत. फक्त त्या बहुधा हॉलिवूडबाहेर झाल्या. सर्जिओ लेओने यांनी 'योजिंबो'वरून (१९६१) 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) परवानगी न घेता उचलला, दावा होऊन तडजोड करावी लागली. पण मुळातला उपहास त्यांनी ओळखला आणि तो अमेरिकन वेस्टर्नच्याच नीतिमत्तेवर उलटवला. वॉल्टर हिल यांच्या रीतसर मान्यता घेतलेल्या 'लास्ट मॅन स्टँडिंग'मध्ये (१९९६) तो उपहासच नाही. कायदेशीर हक्क आणि कलात्मक हक्क या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे याहून नेमके उदाहरण सापडणार नाही. 'इकिरू'वरून (१९५२) केलेला ब्रिटिश 'लिव्हिंग' (२०२२) याहून विनम्र आहे. पटकथाकार काझुओ इशिगुरो यांनी कथा आजच्या काळात आणली नाही. ती १९५३ च्या लंडनमध्ये, नगरप्रशासनाच्या फायलींच्या ढिगाऱ्यांत ठेवली. युद्धोत्तर जपानी कारकुनाच्या गोठलेपणाला युद्धोत्तर इंग्रज कारकुनाचा संकोच हा खरा प्रतिशब्द आहे. शेवटी जोडलेले पत्र मुळातल्या मृत्यूनंतरच्या बैठकीचा कडवटपणा थोडा सौम्य करते, ही त्या चित्रपटाची दुर्बलता. पण अद्ययावत न करण्याचा निर्णय हीच त्याची आधुनिकता.

आणि मग ताकाशी यामाझाकी यांचा 'गोजिरा मायनस वन' (२०२३). त्यालाही २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले ते दृश्यपरिणामांसाठी. म्हणजे तंत्राच्या कसोटीवर तो हॉलिवूडच्या पंक्तीत बसला. तो मागे जातो, १९४५ ते १९४७ च्या उद्ध्वस्त जपानमध्ये. त्याचा नायक शिकिशिमा हा विमानात बिघाड असल्याचे खोटे सांगून परत फिरलेला आत्मघाती पथकाचा वैमानिक आहे. बिकिनीवरील १९४६ च्या चाचणीने राक्षस वाढतो. गिन्झावरील हल्ल्यानंतर काळा पाऊस पडतो. सरकार हात वर करते आणि माजी नौसैनिक, नागरिक म्हणून, मोहीम आखतात. मोहिमेचा आराखडा मांडणारा अभियंता या देशाने माणसांच्या जिवाची किंमत फारच कमी धरली, असे म्हणतो आणि या वेळी कोणी मरू नये असा आग्रह धरतो. शिकिशिमा अखेर स्फोटके भरलेले विमान राक्षसाच्या जबड्यात घुसवतो, परंतु विमानात बाहेर फेकणारी खुर्ची बसवलेली असते आणि तो जगतो. सेरिझावाच्या मृत्यूला दिलेले हे उत्तर आहे. त्यात १९५४ च्या कृतीशी उघड मतभेद आहे : आत्मबलिदान ज्या संस्कृतीने सक्तीचे केले होते, तिच्यात उदात्त आत्मबलिदानही संशयास्पद ठरते. या उत्तरावर आक्षेप घेता येतात. अमेरिकन ताबेदार फौजा पडद्यावरून चमत्कारिकपणे गायब आहेत; आशियातील जपानी अत्याचारांविषयीचे मौन सत्तर वर्षांनंतरही तसेच आहे; माजी सैनिकांच्या बंधुभावाचे चित्रण काही ठिकाणी राष्ट्रवादी आळवणीकडे झुकते. पण हे आक्षेप त्या चित्रपटाशी वाद घालणारे आहेत, आणि वाद घालण्यास तेथे जागा आहे. शेवटच्या दृश्यात इस्पितळात नायकाला बिलगलेल्या नोरिकोच्या मानेवर एक काळा डाग हलकेच सरकताना दिसतो. संगीत सुखान्त सांगत असते. डागाविषयी मात्र कोणीही काही बोलत नाही.